उतरायचे कोठे?

प्रवासास निघण्यापूर्वी शिदोरी बांधली जाते, कपड्यांच्या घड्या होतात, गाडीची वेळ विचारून ठेवली जाते. परंतु खरी चिंता असते ती उतरण्याच्या जागेची. परगावी ओळखीचे घर असले तर प्रश्नच उरत नाही. ते नसले, की जाणत्या माणसांना विचारावे लागते. आणि जितक्यांना विचारावे तितकी निरनिराळी उत्तरे मिळतात.

नांदेड जिल्ह्यातील हदगावच्या एखाद्या शेतकरी कुटुंबाचे उदाहरण घ्यावे. घरातील आजोबांना कर्करोगावरील उपचारासाठी मुंबईस, परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात न्यावयाचे आहे. हे रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून रुग्ण तेथे येतात. हा उपचार एका दिवसात आटोपणारा नसतो. तपासणी, औषध आणि पुन्हा तपासणी, यांत आठवडेच्या आठवडे जातात. एवढे दिवस हॉटेलातील खोली घ्यावी, तर कापूस विकून आलेला पैसा औषधाला पुरणार नाही. म्हणून धर्मशाळेचा विचार निघतो.

ही गोष्ट कळताच शेजारचे काका म्हणतात, “धर्मशाळा? भलतेच! एका दालनात पंधरा माणसे. रात्री दिवा कोणी मालवायचा, यावरच वाद! त्यापेक्षा चार पैसे अधिक गेलेले बरे.” तेवढ्यात पलीकडच्या काकू म्हणतात, “आम्ही सव्वा महिना राहिलो. जेवण साधे, पण वेळेवर. कोणता कागद कोठे दाखवायचा, हेसुद्धा शेजारच्या खाटेवरील बाईंनीच सांगितले.” मुले गोंधळून जातात. दोघेही सरळ मनाची माणसे. मग खोटे कोण बोलत आहे?

कोणीच नाही. काका लग्नकार्याच्या निमित्ताने दोन रात्री राहिले होते. त्यांना निवांत झोप हवी होती. काकूंसोबत रुग्ण होता. त्यांना परवडणारा निवारा हवा होता आणि धीर देणारी माणसे हवी होती. म्हणूनच जागेविषयीचे मत ऐकताना, सांगणारा तेथे कशासाठी गेला होता, किती दिवस राहिला आणि केव्हा राहिला, हेही विचारून घ्यावे.

तक्रारीही सारख्या नसतात. गर्दी, कठीण बिछाना, रोज तेच जेवण, हे सोसता येते. अस्वच्छ पाणी आणि घाण मात्र सोसू नये. कर्करोगावरील काही उपचारांनी रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी होते. त्याला साधा संसर्गही घातक ठरू शकतो. तेव्हा स्वच्छतेविषयीची तक्रार, ती एकाच माणसाने केलेली असली तरी, नीट पडताळून पाहिली पाहिजे. साधी जागा म्हणजे घाणेरडी जागा नव्हे.

हा भेद गाडगे महाराजांनी महाराष्ट्राला आपल्या आचरणातून शिकविला. १८७६ ते १९५६ हा त्यांचा जीवनकाल. हाती खराटा घेऊन ते गावोगाव हिंडत. दिवसा गाव झाडावे आणि रात्री कीर्तनातून लोकांची मने झाडावीत, असा त्यांचा क्रम होता. लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी इत्यादी ठिकाणी धर्मशाळा उभारल्या. त्यांतील पंढरपूरची संत चोखामेळा धर्मशाळा ही, ज्यांना अस्पृश्य म्हणून कोणी दारात उभे करीत नसे, त्या यात्रेकरूंसाठी होती. त्यांच्या नावाची दादर येथील धर्मशाळा आज टाटा रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांना आणि त्यांच्या आप्तांना आसरा देते.

यात्रेकरू व रुग्ण यांना आसरा देण्याची ही रीत इतर देशांतही होती. इटलीतील सिएना नगरात ‘सांता मारिया देल्ला स्काला’ नावाची पुरातन वास्तू आहे. मध्ययुगात रोमकडे पायी जाणारे यात्रेकरू तेथे मुक्काम करीत. रुग्णांची शुश्रूषा तेथेच होई आणि अनाथ मुलांचा सांभाळही होई. आता तेथे वस्तुसंग्रहालय आहे. थकलेल्या माणसाला प्रथम हवे असते ते छप्पर, पाणी आणि कोणाची तरी आपुलकी. देश कोणताही असो.

हदगावच्या त्या कुटुंबाने अखेर काय करावे? दोन्ही शेजाऱ्यांचे आभार मानावेत. रुग्णालयातील समाजसेवकांना जागेची माहिती विचारावी. रुग्णालय किती दूर आहे, पाणी कसे आहे, सोबत किती माणसांना राहता येते, हे समजून घ्यावे. या गोष्टी मनासारख्या असल्या, तर धर्मशाळेचे नाव ऐकून मागे हटू नये. सोबत चादर न्यावी, तांब्या न्यावा आणि आपली जागा आपण झाडून ठेवण्याची तयारीही न्यावी.

उपचार संपवून आजोबा गावी परततील, तेव्हा मुंबईस निघालेले दुसरे कोणीतरी त्यांच्या ओसरीवर येऊन जागेविषयी विचारील. त्या वेळी आपण तेथे किती दिवस आणि कशासाठी राहिलो, हे त्यांनी आधी सांगावे. जागा चांगली की वाईट, हे त्यानंतर.