बेटावरचा शंख, ताटातला शंख

शंख खातात हे वाचून माहीत होतं. तरी फ्लोरिडातल्या की वेस्टच्या बंदरालगतच्या एका चारी बाजूंनी उघड्या हॉटेलात, मेन्यूकार्डाच्या पहिल्याच ओळीत तो दिसला तेव्हा माझं बोट तिथंच अडलं. वेंगुर्ल्याच्या आमच्या घरी शंखाची जागा देवघरात होती. त्याला पितळेची वेगळी अडणी होती, आजोबा रोज त्यात पाणी भरत आणि पूजा झाल्यावर ते पाणी आमच्या अंगावर शिंपडत. तिसऱ्या, मुळे, कालवं आम्ही आवडीनं खाल्ली. पण शंखातही एक जीव राहतो आणि तो कुणाच्या तरी जेवणात असू शकतो, हे कधी मनात आलं नव्हतं.

देवघरातला शंख वेगळ्या जातीचा, आपल्या समुद्रातला, पांढरा आणि जड. की वेस्टचा शंख कॅरिबियन. त्याला तिथं कॉंक म्हणतात. तो जवळजवळ फूटभर वाढतो, त्याचा ओठ पसरट असतो आणि आतला गुलाबी रंग ओल्या उजेडात असा काही झळकतो, की तो समुद्राच्या तळाशी अंधारात कुणासाठी घडला असेल असं वाटतं.

की वेस्ट म्हणजे फ्लोरिडाच्या टोकापासून समुद्रात उतरलेल्या बेटांच्या माळेतलं शेवटचं गाव. कर्कवृत्ताच्या किंचित वर, आपल्या उदयपूरच्या अक्षांशावर. क्युबा इथून सुमारे दीडशे किलोमीटर, मायामीपेक्षा जवळ. उद्योगपती हेन्री फ्लॅगलरची रेल्वे १९१२ साली समुद्रावरून इथवर आली, १९३५च्या चक्रीवादळात मोडली, आणि तिच्याच पुलांवरून १९३८ साली मोटारींचा रस्ता झाला. मायामीजवळ राहणाऱ्या माझ्या भाच्यानं मला त्याच रस्त्यानं आणलं.

हॉटेल माझ्या मनासारखं होतं. लाकडी बाकं, डोक्यावर पंखे, टेबलाच्या मधोमध कागदी टॉवेलचं भेंडोळं आणि तिखट सॉसच्या चार बाटल्या. पदार्थ प्लॅस्टिकच्या परडीत, खाली कागद घालून येतात. या गावात कोंबड्या मोकळ्या हिंडतात; एक कोंबडी पिलांचं लटांबर घेऊन आमच्या पायांमधून शांतपणे गेली आणि कुणी तिला हाकललं नाही. समुद्राकाठचं खाणं असंच असावं. बोटांना रस लागला पाहिजे, वारा आला पाहिजे, आणि शेजारच्या धक्क्यावर होड्या दिसल्या पाहिजेत. मासे खायला पांढरे टेबलक्लॉथ लागत नाहीत, उलट त्यांनी मासा परका होतो, असं माझं मत आहे.

"मावशी, इथं येऊन कॉंक फ्रिटर्स खाल्ले नाहीत तर आलो कशाला?" भाचा म्हणाला. शंखाचं मांस चिवट असतं; ठेचून किंवा बारीक करूनच वापरावं लागतं. त्यात कांदा, भोपळी मिरची, सेलरी घालून पिठात कालवतात आणि गोळे तळतात, दिसायला आपल्या मुगाच्या भज्यांसारखे. चव तिसऱ्यांच्या बाजूला जाणारी, पण सौम्य, मागे एक गोडसर छटा ठेवणारी. चांगले होते. मी वाढणाऱ्या मुलीला विचारलं, "शंख इथलाच का?"

"नाही, बहामाजचा," ती म्हणाली. "इथं काढायला बंदी आहे."

तिनं हे अगदी सरळ सांगितलं, त्यात लपवाछपवी नव्हती. पण मी आजूबाजूला पाहिलं तर सगळीकडे शंखच होता. या बेटावर जन्मलेल्या माणसाला कॉंक म्हणतात. बहामाजहून आलेल्या जुन्या कुटुंबांपासून हे नाव चालत आलेलं आहे. इथल्या शाळेचा खेळांचा संघ त्याच नावाचा. १९८२ साली सरकारी पोलिसांनी बेटाकडे येणाऱ्या एकुलत्या एका रस्त्यावर नाकेबंदी केली आणि गाड्यांच्या रांगा लागल्या, तेव्हा इथल्या महापौरांनी निषेध म्हणून आपलं स्वतंत्र कॉंक प्रजासत्ताकच जाहीर केलं. त्याचा झेंडा आजही घराघरावर फडकतो. ज्या जिवाचं नाव माणसांनी स्वतःला लावलं, तो जीव त्यांच्या समुद्रात इतका उरला नाही की एक परडी भजी व्हावीत.

फ्लोरिडानं १९७५ साली विक्रीसाठी शंख काढणं बंद केलं. दहाएक वर्षांनी, १९८०च्या दशकाच्या मध्यावर, स्वतःच्या जेवणापुरता काढण्यावरही बंदी आली. एवढा काळ लोटूनही शंख पूर्वीसारखे परतलेले नाहीत. त्याचं कारण शंखाच्या जगण्यातच आहे. तो वयात यायला साधारण चार वर्षं घेतो, वीस-पंचवीस वर्षं जगू शकतो, समुद्री गवतावरच्या शेवाळावर चरतो आणि सावकाश सरकतो. नर-मादी प्रत्यक्ष भेटल्याशिवाय त्यांची प्रजा होत नाही. बहामाजच्या पाण्यात अभ्यास करणाऱ्यांना आढळलं की हेक्टरी पन्नासएक प्रौढ शंख नसतील तर जोड्या जमणंच थांबतं. म्हणजे समुद्रात शंख दिसत असतात, जिवंत असतात, पण एकमेकांपासून इतके लांब की त्यांचं पुढं काही होत नाही. फ्लोरिडात आणखी एक गोष्ट घडते. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातल्या शंखांची जननेंद्रियं नीट वाढत नाहीत. तेच शंख उचलून खोल, स्वच्छ पाण्यात नेले तर ती पुन्हा वाढू लागतात. तिथले संशोधक पाण्यात उतरून शंख हातांनी उचलतात आणि दूरच्या प्रवाळाजवळ नेऊन ठेवतात. एवढं श्रमाचं आणि सावकाशीचं काम करणाऱ्या त्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो.

दरम्यान भजी चालूच राहिली. शंख शेजारच्या समुद्रातून येऊ लागला. मग तिथंही तो कमी होऊ लागला: १९९२ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे, आणि २०२४ साली अमेरिकेनं या जातीला धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत घातलं. मेन्यूकार्डावरची पहिली ओळ मात्र या सगळ्या वर्षांत बदलली नाही. मला अस्वस्थ करतं ते हेच. समुद्र रिकामा झाला तर कोळ्याला लगेच कळतं, जाळ्याला कळतं, ताटाला कळत नाही. ताट तसंच भरलेलं येतं, फक्त लांबून येतं.

आणि की वेस्टमध्ये हे पहिल्यांदा घडलेलं नव्हतं. याच बंदरावर कासवाचं सूप डबाबंद करणारा कारखाना होता. धक्क्याला लागून पाण्यात खुंट ठोकून कुंपणं केलेली असत आणि त्यांत जिवंत हिरवी कासवं ठेवत. जवळची कासवं संपल्यावर केमन बेटांवरची जहाजं थेट निकाराग्वाच्या किनाऱ्यावरून कासवं आणू लागली. १९७०च्या दशकात कायद्यानं हे थांबलं. तोवर सूप पिणाऱ्या कुणाला, आपलं कासव दर पिढीला आणखी लांबून येतंय, असं वाटलं असेल का?

जेवणाच्या शेवटी की लाइम पाय आला. त्याच्यातही हीच कहाणी आहे, पण मला त्यात जरा माया वाटली, कारण त्यातलं लिंबू म्हणजे आपलं कागदी लिंबू. तीच जात, आशियातून निघून अरबांच्या आणि स्पॅनिश लोकांच्या हातांतून फिरत ते इथवर पोचलं. बेटावर गायी नव्हत्या, बर्फ मिळायचा नाही, दूध डब्यातून यायचं, तेही साखर घालून आटवलेलं. अंड्याचा बलक, डब्यातलं दूध आणि लिंबाचा रस एवढ्यावर हा गोड पदार्थ उभा राहिला. गरजेतून निघालेला इतका नेमका पदार्थ मी फार थोडा खाल्ला आहे. त्या आंबट वासानं मला घरच्या लोणच्याच्या बरणीची आठवण आली. बेटांवरच्या लिंबांच्या बागा १९२६च्या वादळात गेल्या आणि नंतर बागायतदारांनी दुसऱ्या जातीची मोठी लिंबं लावली. आज हे लिंबू बहुतेक मेक्सिकोतून येतं. त्यानं कुणाचं फार बिघडत नाही. लिंबाचं झाड परत लावता येतं. शंखाचं तसं नाही.

या बेटानं मला दुसरी गोष्टही दाखवली, आणि ती सांगितली नाही तर अन्याय होईल. त्याच टेबलावर स्टोन क्रॅबच्या नांग्या आल्या. हा खेकडा मारत नाहीत. पिंजऱ्यातून काढून त्याची नांगी मापतात, ती सव्वासात सेंटिमीटरहून मोठी असेल तरच तोडतात आणि खेकडा जिवंत पाण्यात सोडतात. अंडी असलेल्या मादीला हात लावायचा नाही. कात टाकता टाकता नांगी पुन्हा येते, पण नीट मोठी व्हायला एक ते तीन वर्षं जातात. हंगाम १५ ऑक्टोबर ते १ मे. नांग्या किनाऱ्याला लागताच उकडतात, कारण कच्च्याच बर्फात ठेवल्या तर मांस कवचाला चिकटून बसतं. मग थंड करून, लाकडी हातोडीनं फोडून, मोहरीच्या पातळ सॉसबरोबर खायच्या. कुर्लीच्या नांगीतलं मांस आवडणाऱ्या माझ्यासारखीला आणखी काय हवं! पण सगळेच खेकडे जगतात असं नाही. दोन्ही नांग्या तोडलेल्यांतले पुष्कळ मरतात, हे तिथल्याच संशोधकांनी मोजून सांगितलं आहे, आणि २०२० पासून नांगीचं मापही वाढवलं आहे. मला यातलं मोजणं आवडलं. खाणारा, पकडणारा आणि मोजणारा हे तिघं एकाच किनाऱ्यावर राहतात, त्यामुळे चूक दिसते आणि नियम बदलतो. शंखाच्या बाबतीत खाणारा इथं आणि रिकामा होणारा समुद्र तिथं, असं झालं आहे.

इथल्या समुद्रात इथलं असं बरंच आहे. टॉर्टुगास बेटांच्या बाजूची गुलाबी कोळंबी, कच्ची असतानाच गुलाबी. तिचे मोठे साठे १९४९च्या सुमारास सापडले. रात्री नांगर टाकून, चारा सोडून, गळानं धरलेला यलोटेल स्नॅपर. पांढरं, हलकं मांस, नुसत्या लिंबानं आणि लोण्यानं खुलणारं. मी दुसऱ्या दिवशी तेच घेतलं आणि मला काही उणं वाटलं नाही.

शंख मात्र इथं दुसऱ्या रूपात भेटतो, ते मला मनापासून आवडलं. दर वसंतात गावात शंख फुंकण्याची स्पर्धा भरते. लहान मुलंही गाल फुगवून फुंकतात. रिकामा शंख ठेवायला कायद्याची हरकत नाही, आतला जीव मारलेला नसावा एवढीच अट. शंख पाहून त्याचं काय झालं ते ओळखता येतं. मांसासाठी काढलेल्या शंखाच्या मागच्या वेटोळ्यांवर एक आडवं भोक असतं, तिथून सुरी घालून स्नायू तोडतात. फुंकायच्या शंखाचं टोकच कापलेलं असतं. धक्क्याजवळच्या दुकानात दोन्ही तऱ्हेचे शेजारी शेजारी मांडले होते. मी टोक कापलेला घेतला, भाच्यानं फुंकून पाहिला. आमच्या घरच्या शंखापेक्षा आवाज खर्जातला, लांब जाणारा.

आपल्याकडे हे सगळं परकं नाही. २०१८ साली मासळीत फॉर्मेलिन हे रसायन असल्याच्या संशयावरून मडगावच्या घाऊक बाजारात गदारोळ झाला, तेव्हा गोव्यात येणाऱ्या कितीतरी जणांना पहिल्यांदा कळलं की तिथल्या ताटातली बरीच मासळी परराज्यांतून ट्रकनं येते. त्याआधी कुणी विचारलं नव्हतं. २०२३ साली महाराष्ट्रानं पापलेटाला राज्यमासा केलं. सातपाटीच्या मच्छीमारांची ती मागणी होती, कारण पिल्लंच जाळ्यात येऊ लागली तर मोठं पापलेट उरणार कुठून, हे त्यांना सगळ्यांच्या आधी दिसलं. तरी बाजारात तळहातापेक्षा लहान पापलेटं वाट्यावर विकायला असतात, आणि स्वस्त पडतात म्हणून आपण घेतो.

म्हणून वाचकांना माझी एक विनंती आहे. मासळीच्या हॉटेलात बसलात, मग ते की वेस्टला असो, मालवणला असो की दादरला, तर भाव विचारण्याआधी 'हा मासा कुठला?' एवढं विचारा. उत्तर 'इथलाच' आलं तर आनंदानं खा. उत्तर आलं नाही तर दुसरं काहीतरी मागवा. किनाऱ्यावर दुसरं काहीतरी नेहमी असतं. आणि पुढच्या वेळी बाजारात कोळणीनं तळहाताएवढं पापलेट पुढं केलं, तर ते घेऊ नका, तिच्याकडे बांगडे मागा.