आधी हातमोजे काढ

सातपूर, नाशिक

चि. बाबू,


तुझा व्हिडिओ मिळाला. भाईंदरजवळ मुर्ध्याला आपल्या पडवीत लेथ उभा राहिलेला पाहिला आणि ऊर भरून आला. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं बरंचसं पत्र तुला ओरडण्यात जाणार आहे. फोनवर बोललो असतो, पण फोनवर तू ‘हो काका, हो काका’ म्हणतोस आणि विषय आईच्या गुडघ्यांकडे वळवतोस. कागद निदान भिंतीला डकवता येतो.

बाबू, ते सुती हातमोजे कशाला घातलेस? हाताला तेल लागू नये म्हणून? लागू दे. मोज्याचा एक धागा बुऱ्याच्या वेटोळ्यात अडकला की मोजा ओढला जातो, मोज्याबरोबर बोट आणि बोटाबरोबर मनगट. उघड्या हाताला चटका बसतो, कापतं, पण बहुतेक वेळा हात मागे घेता येतो. मोजा हाताला सोडत नाही. बाह्या कोपराच्या वर दुमडायच्या. अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळी काढून खुंटीला लावायची. फिरता जॉब चिंधीने पुसायचा नाही, कितीही घाई असली तरी. तुझ्या बाबांच्या उजव्या हाताबद्दल तू लहानपणी विचारायचास आणि माझा दादा हसून काहीतरी भलतंच सांगायचा. आता आईला एकदा नीट विचार.

दुसरं म्हणजे चक चावी. तू जॉब आवळलास, वळलास, मोबाइल सरळ केलास आणि चावी चकातच. मग आठवण झाली म्हणून काढलीस. तेवढ्या वेळात हात स्विचवर गेला असता तर ती चावी कुठे जाऊन बसली असती, याचा विचार कर. आमच्या उस्तादांचा एकच नियम होता: चावी एकतर हातात, नाहीतर खिळ्याला. तिसरी जागा नाही. तिच्या टोकाला स्प्रिंग बसवून घे, म्हणजे दाब काढला की ती आपोआप चकाबाहेर येते. भाईंदर पूर्वेला कुठल्याही गाळ्यात अर्ध्या तासात करून देतील.

आणि तुझी छकुली तिथे काय करत होती? मला दिसली ती, तुझ्या उजव्या हाताला, टेलस्टॉकजवळ उभी. तिची उंची बघ आणि चकाची उंची बघ. तिचे डोळे बरोबर कटाच्या रेषेत येतात. तू गॉगल घातला होतास, तिने नव्हता. मशीन चालू असताना ती उंबऱ्याच्या आत पाहिजे. तिला दाखवायचंच असेल तर मशीन बंद करून दाखव. क्रॉस स्लाइडचं हँडल हाताने फिरवून बघू दे, पोरांना ते फार आवडतं.

मी इतका का बिथरलो ते सांगतो. ज्या कारखान्यात मी उभं आयुष्य काढलं, तिथे एका रात्रपाळीला शेजारच्या लेथवरच्या पोराची बाही लीड स्क्रूत गेली. हेल्पर समोर झाडू मारत होता. त्याने झाडू टाकून स्विचवर हात मारला. पोराचा दंड सोलवटला, बाकी निभावलं. आता तुझ्या पडवीत तो हेल्पर कोण, ते सांग. तू ऑफिसातून येतोस, जेवतोस आणि रात्री दहाला सगळे झोपल्यावर मशीन सुरू करतोस, हे तूच लिहिलंस. आम्ही १९४८च्या कारखाना कायद्याखाली नोकरी केली. चालत्या यंत्राजवळ जाणारा माणूस त्या कामाचं शिक्षण घेतलेला आणि अंगाबरोबर बसणाऱ्या कपड्यातला हवा, असं त्याच्या २२व्या कलमात लिहिलेलं असायचं. गार्ड कुठे हवा, पोरांना कुठल्या यंत्राला हात लावू द्यायचा नाही, हेही त्यात होतं. इन्स्पेक्टर यायचा म्हटलं की सुपरवायझर गार्ड तपासत फिरायचे. घरातल्या मशीनला ना कायदा, ना इन्स्पेक्टर, ना शेजारच्या मशीनवरचा माणूस. लोक म्हणतात हौसेचं काम, त्याला कसली एवढी शिस्त? मी म्हणतो, शिस्त लागते ती हौसेच्याच कामाला, कारण तिथे तुला वाचवायला तुझ्याशिवाय कोणी नाही. एकटा असताना मशीन चालवू नकोस. सूनबाईला लाल बटण कुठे आहे ते दाखवून ठेव आणि ती जागी असेल तेव्हाच काम कर.

लाल बटण म्हटलं खरं, पण व्हिडिओत मला ते दिसलंच नाही. भिंतीवरचं साधं बटण दिसलं. हे ताबडतोब बदल. मध्येच वीज गेली, तू पाणी प्यायला आत गेलास आणि वीज आली, तर साध्या बटणावर लेथ आपोआप फिरू लागेल. नो-व्होल्ट कॉइल असलेला स्टार्टर बसव. वीज आली तरी आपण हिरवं बटण दाबल्याशिवाय तो मोटर सुरू करत नाही. आणि मोठं मशरूमसारखं लाल बटण अशा जागी घे, की हात अडकलेला असेल तर गुडघ्याने दाबता येईल.

आता तुझा प्रश्न. मिलिंग मशीन कुठलं घेऊ, तैवानचं की पंजाबातल्या बटाल्याचं जुनं? माझं उत्तर: यंदा कुठलंच नाही. एक व्हर्टिकल स्लाइड आणून लेथच्या क्रॉस स्लाइडवर बसव. स्पिंडलमध्ये कॉलेट घालून एंड मिल धर, जॉब स्लाइडवरच्या व्हाइसमध्ये आवळ आणि हलका कट घे. खाचा, चावीघाट, छोटे सपाट पृष्ठभाग सगळं होतं. इंग्लंडमध्ये हौशी लोकांसाठी १८९८पासून ‘मॉडेल इंजिनिअर’ नावाचं मासिक निघत आलं आहे. त्या मंडळींनी घरच्या शेडमध्ये एकेका मायफर्ड लेथवर वाफेची इंजिनं उभी केली आणि त्यातल्या कितीतरी जणांकडे वेगळं मिलिंग मशीन नव्हतं. मात्र एंड मिल ड्रिल चकमध्ये धरू नकोस. ड्रिल चक वरून खालच्या दाबासाठी केलेला असतो. बाजूने रेटा बसला की त्याचा टेपर सैल होतो आणि फिरत्या कटरसकट चक निसटतो. आणि जुन्या स्क्रूला प्ले असतोच, म्हणून जॉब नेहमी कटरच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेने सरकव. त्याच दिशेने सरकवलास तर कटर जॉब ओढून घेतो आणि तुटतो.

पण खरी गोष्ट मिलिंगची नाहीच, बाबू. तू ग्राइंडरवर टूल घासायला शिकला नाहीस. तुझ्या टूल पोस्टमध्ये कार्बाइडची इन्सर्ट लावलेली आहे, सोनेरी, विकत घेतलेली, आणि टूल इतकं पुढे काढलं आहेस की ते थरथरतंय. त्या चिरक्या आवाजावरून मला इथे बसून कळलं. मुंबईत नागदेवीच्या हत्यारबाजारात जा, हाय-स्पीड स्टीलचे म्हणजे एचएसएसचे चौकोनी बिट आण आणि एकाला स्वतः धार लाव. पुढचा उतार, बाजूचा उतार, वरचा रेक. नाकाला अगदी बारीक गोलाई दे आणि तेलदगडावर फिरव. मग टूलचं टोक बरोबर सेंटरच्या उंचीला आण. वर गेलं तर कापण्याऐवजी घासतं, खाली गेलं तर फेसिंग करताना मध्यभागी बोंड उरतं. पंचवीस मिलिमीटरची साधी लोखंडी सळई एचएसएसने कापायची तर मिनिटाला तीसेक मीटर वेग धर, म्हणजे चक साधारण पावणेचारशे फेरे घेईल. तू त्याच्या दुप्पट पळवत होतास. आपल्या हाताने लावलेल्या धारेने पहिला कट निघतो ना, तेव्हा धातू कसा कापला जातो हे हाताला कळतं. आयटीआयला टर्नरचं शिक्षण दोन वर्षांचं असतं आणि त्यात आधी कानस हातात देतात. त्यामागे कारण आहे.

म्हणून सांगतो, भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत जा. स्टेनलेसची भांडी, डाय, सुटे भाग करणारे म्हातारे टर्नर अजून तिथे आहेत. त्यांच्यातल्या एकाला चहा पाज आणि रविवारी त्याच्या शेजारी नुसता उभा राहा. एखाद्याला पडवीत घेऊन ये. त्यांची मुलं या कामात येत नाहीत, गाळे गोदामांना चालले आहेत आणि त्या माणसांच्या बोटांत जे आहे ते कुठल्या पुस्तकात मिळणार नाही. तुझ्यासारख्या हौशी माणसाने ते उचललं नाही तर कोण उचलणार? आपल्याकडे घरच्या वर्कशॉपची परंपरा काही कालची नाही. १८३३ साली अर्देशिर कर्सेटजी वाडियांनी मुंबईत स्वतः एक हॉर्सपॉवरचं वाफेचं इंजिन बनवलं, माझगावच्या आपल्या घरी फाउंड्री थाटली आणि १८४१मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, छकुलीला घेऊन जा. नागपूरच्या इक्बाल अहमद यांनी भंगारातून आणलेल्या धातूची चालती इंजिनं घडवली. घरात बसून केलेलं काम कमी दर्जाचं असतं, असं म्हणणाऱ्याला ही नावं सांग.

राहिली आपल्या मुर्ध्याची हवा. खाडी आणि मिठागरांच्या मध्ये राहून तू उघड्या बेडवर गोणपाट टाकलं आहेस. गोणपाट ओल धरतं. पावसाळ्यात एका रात्रीत तांबेरा येईल आणि बेडच्या मार्गांवर खड्डे पडले की ते कायमचे. काम झालं की बुरा ब्रशने काढ, हाताने नाही, मग बेड पुसून तेलाचा हात फिरव आणि वर तेलात भिजवलेलं जुनं धोतर घाल. तुझ्या आबांच्या पेटीत एखादं असेल. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा पडवीत पाणी कुठवर आलं होतं, त्याची खूण खांबावर अजून आहे. तुझ्या लेथची मोटर त्या खुणेच्या खाली आहे. काँक्रीटचा चौथरा बांध, त्यावर बोल्ट घालून लेथ बसव आणि लेव्हल बघ. उभं राहायला लाकडी फळी टाक, ओल्या कोब्यावर उभा राहून विजेच्या मशीनला हात लावू नकोस. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घे. खाऱ्या जमिनीत अर्थिंगची पट्टी कुजते आणि वरून काही कळत नाही.

गणपतीत येतो आहे. माझे मायक्रोमीटर आणि डायल गेज तुझ्यासाठी काढून ठेवले आहेत, दादाचा फोर-जॉ चकही देईन. पण त्याआधी स्टार्टर बसलेला, चावीसाठी खिळा ठोकलेला आणि छकुलीसाठी उंबऱ्यावर आडवी फळी लावलेली, असे तीन फोटो मला पाठव. हातमोजे आजच्या आज पडवीतून बाहेर काढ. आणि फोटो येईपर्यंत मशीन सुरू करू नकोस, एवढं माझं ऐक.

वहिनींना नमस्कार, सूनबाईला व छकुलीला आशीर्वाद.

तुझा,
काका