इटलींत मागितलेली एक खुर्ची

ज्याचें आयुष्य विद्यार्थ्यांच्या विभक्ती दुरुस्त करण्यांत गेलें, त्यासच उतारवयांत परमुलखीं एका क्रियापदापायीं कसें ओशाळावें लागलें, त्याची ही हकीकत आहे.

गेल्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां फ्लॉरेन्सला गेलों होतों. आर्नो नदीवरील ‘पोंते वेक्किओ’ हा सोनारांच्या दुकानांचा जुना पूल ओलांडला, तोंच उन्हानें कुटुंबास घेरी आली. तिला भिंतीशीं टेकवून मी जवळच्या कॉफीच्या दुकानांत शिरलों आणि ‘व्होल्यो ऊना सेदिया’ असें मोठ्यानें म्हणालों. ‘मला खुर्ची पाहिजे’, एवढाच आशय. शब्द शुद्ध, लिंगही अचूक! परंतु गल्ल्यावरील गृहस्थानें भुंवया उंचावून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड फिरविलें. बाहेर ती डोळे मिटून उभी.

शेजारच्या एका वृद्ध बाईंनीं हळूच ‘व्होर्रेइ’ एवढाच शब्द पुरविला. वर्गांत मी पुरवीत असें, तसाच. मीं स्वतःस सांवरून पुन्हां आरंभ केला, ‘मी स्कूझी, पोत्रेब्बे दार्ची ऊना सेदिया?’ म्हणजे, ‘क्षमा असावी, आपण आम्हांस एक खुर्ची देऊं शकाल काय?’ ‘प्रेगो, प्रेगो’ करीत तोच गृहस्थ खुर्ची घेऊन बाहेर धांवला. मागोमाग पाणीही आलें. त्याचे पैसे त्यानें घेतले नाहींत.

‘व्होल्यो’ म्हणजे नुसती इच्छा. तें हट्टी मुलाच्या तोंडीं शोभावें. ‘व्होर्रेइ’ हा संकेतार्थ. त्यांत समोरच्यास नकाराची वाट मोकळी राहते. ‘पेर फावोरे’ म्हणजे ‘कृपया’ हेंही आहेच, पण खरी भिस्त क्रियापदावर. आणखी एक मौज अशी कीं, परक्या माणसास आदरानें ‘लेइ’ म्हणतात, व क्रियापद तृतीय पुरुषी घालतात. आपल्या संस्कृतांतील ‘भवान् ददातु’ याचाच हा मासला नव्हे काय? मुसोलिनीच्या राजवटीनें १९३८ सालीं या ‘लेइ’वर बंदी घालून ‘व्होइ’ लादलें. राजवट बुडाली, ‘लेइ’ उरलें.

रात्रीं हें सारें कुटुंबास समजावीत होतों. ‘व्होलेव्हो’, म्हणजे ‘मला हवें होतें’, असा भूतकाळही तेथें सौजन्यार्थ चालतो, असें मीं सांगतांच ती म्हणाली, “मग त्यांत नवल तें काय? आपणही शेजारीं ‘थोडें विरजण हवें होतें’ असेंच म्हणतों कीं!”

चाळीस वर्षें व्याकरण शिकविलें, पण हें माझ्या ध्यानीं आलें नव्हतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याच दुकानांत कॉफी तिनेंच मागितली.