डोंगरातलं मीठ

आई-बाबांचं उन्हाळ्यात म्युनिकला यायचं ठरलं, तेव्हाच ऑस्ट्रियातल्या साल्झकामरगूटची छोटी सहल मी मनात पक्की केली होती. सत्तरहून जास्त तळी असलेला आल्प्समधला हा मुलूख आमच्याकडून काही तासांवर. ऑफिसात विषय काढला आणि प्रत्येकाने आपापलं लाडकं तळं सुचवलं. कुणी म्हणालं, अटरझे सर्वांत मोठं, तिथेच जा. कुणी म्हणालं, ट्राउनझे सर्वांत खोल. गोझाऊच्या तळ्यातलं दाखश्टाइनच्या हिमशिखरांचं प्रतिबिंब चुकवू नका, असंही बजावून झालं. यादी लांबत चालली. सुट्टी मात्र शनिवार-रविवारला जोडून मिळेल तेवढीच, आणि आईचा गुडघा दुखरा.

एका रात्री लॅपटॉपवर फोटो दाखवत होते. आई-बाबा सगळ्या तळ्यांना सारखंच ‘छान आहे’ म्हणत होते. हालश्टाटचा फोटो आला आणि मी सहज सांगितलं, की या गावामागच्या डोंगरात मिठाची खाण आहे, तीही हजारो वर्षं जुनी. बाबा खुर्ची ओढून पुढे सरकले.

“डोंगरात मीठ?”

बाबांचं लहानपण उरणच्या मिठागरांवर गेलेलं. आजोबा तिथेच कामाला होते. भरतीचं पाणी आत घ्यायचं, वाफ्यावाफ्यांतून फिरवत उन्हात आटवायचं आणि पाऊस यायच्या आत मीठ ओढून राशी लावायच्या, हे बाबांच्या अंगात मुरलेलं. डोंगर खणून मीठ काढतात हे त्यांना पटेचना. मग आम्ही वाचत बसलो. सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता. तो आटला, मिठाचे थर गाडले गेले आणि पुढे आल्प्स उभा राहताना तेही वर उचलले गेले. “म्हणजे समुद्राचंच मीठ,” बाबा समाधानाने म्हणाले. “मला बाकी काही नको, हे दाखव.”

त्या एका वाक्याने माझी यादी निकालात निघाली. अटरझे, ट्राउनझे, गोझाऊ, सगळ्यांवर काट मारली. हालश्टाट पक्कं, आणि आईला बोटीत बसायचं होतं म्हणून वोल्फगांगझे. दोनच तळी.

मुक्कामाला हालश्टाट नको असं ठरवलं. जेमतेम साडेसातशे वस्तीच्या त्या गावात खोल्या कमी आणि महाग. गर्दी इतकी, की पर्यटकांच्या बसना 2020पासून आधी वेळ राखून यावं लागतं. त्यापेक्षा बाड इश्ल सोयीचं. सम्राट फ्रान्झ योझेफ उन्हाळ्यात इथे राहायचा आणि 1914मध्ये सर्बियाविरुद्धच्या युद्धाच्या घोषणेवर त्याने इथेच सही केली. आमच्या दृष्टीने मोठी गोष्ट वेगळीच होती. इथून एका दिशेला हालश्टाटची रेल्वे, दुसऱ्या दिशेला वोल्फगांगझेकडे जाणारी बस. सामान एकदाच टाकायचं.

साल्झबुर्गपर्यंत रेल्वेचं बायर्न तिकीट चालतं. त्यात पाच माणसं बसतात, पण कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतरच. पुढे बाड इश्लला जाणारी 150 नंबरची बस तळ्यांच्या काठाकाठानेच जाते. शेंगेनमुळे वेगळा व्हिसा लागत नसला, तरी सरहद्दीवर तपासणी होते. म्हणून आई-बाबांचे पासपोर्ट माझ्या पर्समध्ये.

हालश्टाटचा दिवस आखताना सूत्रं तळ्याच्या हातात होती. रेल्वे आली 1877मध्ये, ती समोरच्या काठाने. स्टेशन इकडे, गाव पलीकडे आणि मध्ये पाणी. गाडीला जोडून बोट सुटते, पण शेवटची बोट संध्याकाळी लवकरच. म्हणून आधी परतीची बोट ठरवली आणि तिथून मागे मोजत सकाळची गाडी. दिवसभराच्या सहलींच्या बस भरू लागायच्या आत खाणीत शिरायचं, हाही हिशोब त्यात आला.

पाऊस तर या भागात सांगून येत नाही. म्हणून कोणता दिवस कशाला, हे सकाळी ढग बघून ठरवायचं ठेवलं. पाऊस असेल तर खाण, आत काय फरक पडतो? आकाश मोकळं असेल तर वोल्फगांगझे आणि 1893पासून शाफबेर्गवर चढणारी दातेरी रुळांची गाडी.

पहिल्याच सकाळी पाऊस. गेलो हालश्टाटला. खाणीत बारा महिने आठेक अंश तापमान आणि पायऱ्या बऱ्याच, म्हणून आई संग्रहालयात थांबली. आत बाबांनी इसवी सन पूर्व चौदाव्या शतकातला लाकडी जिना पाहिला. मिठामुळे लाकूड टिकलंय. पुढच्या काळात इथे डोंगरात पाणी सोडून मीठ विरघळवू लागले आणि तो खारा पाक लाकूड जाळून आटवू लागले. लाकूड अपुरं पडलं, तेव्हा पोकळ केलेल्या ओंडक्यांची सुमारे 40 किलोमीटर लांब नळी घालून 1607पासून पाक एबेनझेला नेला. बाबा म्हणाले, “ऊन नाही ना इथे. आमचं सगळं फुकटात व्हायचं.” जरा थांबून म्हणाले, “पाठ सोडून.”

आईनेही संग्रहालयात बरंच पाहिलं होतं. इथल्या प्राचीन थडग्यांतल्या सांगाड्यांवर कष्टाच्या खुणा आहेत; पुरुषांच्या हाडांवर खणण्याच्या, बायकांच्या हाडांवर ओझी वाहण्याच्या. मी हे वाचलं होतं, ते सांगितलं. आईला नवल वाटलं नाही. “उरणला टोपल्या कोण वाहायचं? बायकाच ना?”

दुसऱ्या दिवशीही ढग हटले नाहीत. शाफबेर्ग राहिलाच. गाडीला लागणारे पैसे नुसतं धुकं बघायला कोण घालणार? बोटीतून मात्र आई हलली नाही. जायची-यायची दोन्ही फेऱ्या पूर्ण केल्या. मग काठावर तळ्यातला मासा मागवला. गोड्या पाण्यातल्या मासळीला चव नसते हे तिचं जुनं मत, म्हणून आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिने एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला.

“मासा बरा आहे,” ती म्हणाली, “पण एवढे डोंगर मिठाचे, आणि यात मीठच नाही.”