पोलादी पायगाड्यांचें घर

पुण्यास पाहुणा आला म्हणजे त्याला शनिवारवाडा, पर्वती आणि केळकर संग्रहालय दाखवावयाचें, असा आमच्या घरीं प्रघात आहे. त्यांत अलीकडे मीं आणखी एका स्थळाची भर घातली आहे. कर्वेनगरांत विक्रम पेंडसे यांनीं आपल्या खासगी संग्रहांतून उभारलेलें जुन्या सायकलींचें संग्रहालय २०१७ सालीं लोकांस खुलें झालें. इमारत तीन मजली असून आंत शंभरांहून अधिक सायकली आहेत. पुरुषांच्या, स्त्रियांच्या, मुलांच्या, दोघांनीं मिळून चालवावयाच्या, घडी घालून उचलून न्यावयाच्या, असे नाना प्रकार तेथें एकत्र पाहावयास मिळतात. भोंवतीं जुने दिवे, पंप, पाट्या व घरगुती वापराच्या जुन्या वस्तु.

दिनकर केळकरांनीं अडकित्ते, दिवे व दरवाजे जमविले आणि पुढें तो संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. रोज हाताळली जाणारी वस्तु सर्वांत आधीं नाहींशी होते, कारण ती जपण्याजोगी आहे असें कोणास वाटतच नाहीं. तलवार सहसा मोडींत निघत नाहीं, अडकित्ता निघतो. सायकलीचें तसेंच झालें. ज्या शहरांत शाळा, कचेऱ्या आणि खडकीचे कारखाने सुटले म्हणजे रस्ताभर घंट्यांचा गजर होई, जेथें नगरपालिकेचा बिल्ला नसला कीं सायकल अडविली जाई, आणि दिव्याविना किंवा डबलसीट जाणाऱ्यास हटकणें हें पोलिसांचें सायंकाळचें नित्यकर्म असे, त्या शहरांत स्कूटरी आल्या, मोटारसायकली आल्या. मग तीच सायकल आधीं जिन्याखालीं, नंतर गच्चीवर, व शेवटीं भंगारवाल्याच्या तराजूंत गेली. वीसेक किलो लोखंड, एवढीच तिची किंमत उरली.

वस्तुतः तें नुसतें लोखंड नव्हे. सायकलीची चौकट पोकळ नळ्यांची असते हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु उत्तम सायकलींत त्या नळीची जाडी सर्वत्र सारखी नसते, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. ताण सांध्यापाशीं अधिक येतो. म्हणून नळी दोन्ही टोकांस जाड ठेवावयाची व मध्यें पातळ करावयाची. बाहेरून मात्र ती एकसारखी दिसते. या युक्तीचें पेटंट बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनीं १८९७ मध्यें घेतलें. त्यांच्या घराण्याचा मूळ धंदा खिळे करण्याचा. पुढें १९३५ मध्यें त्याच कारखान्यानें मँगॅनीज व मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाच्या '५३१' नांवाच्या नळ्या काढल्या. शौकिनांत हा आंकडा आजहि आदरानें उच्चारला जातो. नळ्या लगमध्यें बसवून पितळानें झाळीत. त्यामुळें एखादी नळी वांकली तरी कुशल कारागिरास तेवढीच उतरवून दुसरी बसवितां येई. आपल्याकडील नित्याच्या सायकली याहून जाड व साध्या पोलादाच्या असत. त्यांवर दुधाच्या किटल्या, गव्हाचें पोतें आणि प्रसंगीं सारें कुटुंब वाहावयाचें होतें. नाजुकपणा त्यांना परवडला नसता.

काळ्या रंगामागेंहि कारागिरी आहे. सनबीम सायकली काढणारे जॉन मार्स्टन हे वुल्व्हरहॅम्प्टनचे. पत्र्याच्या भांड्यांवर काळें चकचकीत रोगण चढविणें हा त्यांचा पहिला धंदा. तीच विद्या त्यांनीं सायकलीस लावली, आणि सांखळी तेलाच्या बंद पेटींत फिरती ठेवली. सांखळीला धूळ नाहीं, गंज नाहीं, आणि चालविणाऱ्याच्या धोतराचा काठहि सुरक्षित!

जुन्या सायकलीचें वय ठरविण्याचें काम मला फार रुचलें, कारण तें पोथीच्या संपादनासारखें आहे. नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीच्या तीन गतींच्या हबवर पुष्कळदां निर्मितीचें साल ठोकलेलें असतें. तें वाचून नवखा म्हणतो, सायकल १९५२ ची. जाणता म्हणतो, हब १९५२ चें. सायकलीचें मागाहून पाहूं. भांडारकर संस्थेनें हस्तलिखितें ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली, ती १९६६ मध्यें पुरी झाली. प्रक्षिप्त कोणतें व मूळ कोणतें, हाच तेथें प्रश्न होता. दोन पिढ्यांनीं वापरलेल्या सायकलींतहि प्रक्षेप पुष्कळ असतात: हँडल लुधियान्याचें, खोगीर दुसऱ्याच कंपनीचें, चिमटा तिसरीचा. शिवाय एकाचा भाग दुसऱ्यास बसेलच असें नाहीं. रॅलेच्या पायंडलाच्या आंसाच्या पेटीवर इंचाला २६ आटे असत, तर इतर बहुतेक इंग्रजी कारखान्यांचे २४. बळजबरी केली कीं दोन्ही आटे जातात. एका कपाकरितां संग्राहकानें वर्षानुवर्षें बाजार धुंडाळावा, यांतलें मर्म हेंच.

येथें माझा एक मतभेद नमूद करतों. जुनी सायकल हातीं येतांच रंग खरवडून तिला नव्या नवरीसारखी सजवावी, असें कित्येकांस वाटतें. मला तें मान्य नाहीं. गंज थांबवावा, छर्रे बदलावे, चाकाचा आउट काढावा. पण मूळच्या सोनेरी रेघा आणि बसून बसून खोलगट झालेलें चामड्याचें खोगीर यांस हात लावूं नये. त्या रेघा कारखान्यांत माणसें कुंचल्यानें ओढीत. रंग खरवडला कीं त्या हाताची एकुलती एक खूण गेली.

या संग्रहांत पाहुण्यांचे पाय हमखास थबकतात ते बी. एस. ए.च्या घडीच्या सायकलीपाशीं. बी. एस. ए. ही १८६१ मध्यें बंदूक करणाऱ्यांनीं स्थापिलेली कंपनी. एकमेकींस टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका हें तिचें चिन्ह. दुसऱ्या महायुद्धांत छत्रीधारी सैनिकांकरितां तिनें अशी सायकल केली कीं दोन चाप सैल करतांच चौकट मध्यें दुमडावी. पायंडलांच्या जागीं केवळ सरकत्या दांड्या, म्हणजे घडी घातली तरी बाहेर कांहीं खुपावयाचें नाहीं. जून १९४४ मध्यें नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या कॅनडाच्या सैनिकांच्या खांद्यांवर अशाच सायकली होत्या. आम्हां पुणेकरांस मात्र सायकल म्हणजे दप्तर आणि भाजीची पिशवी!

बायकांच्या सायकलींकडे माझी पत्नी अधिक वेळ रेंगाळली. वरची दांडी खालीं उतरलेली, मागच्या चाकावर साडीचा पदर अडकूं नये म्हणून जाळी. मुलींच्या शिक्षणावर आपल्याकडे व्याख्यानें पुष्कळ झालीं. पण शाळा दोन मैलांवर असतां मुलीनें एकटीनें वेळेवर जाऊन वेळेवर परत यावें, ही सोय त्या जाळीनें केली.

कारखाने गेले, तेव्हां हें ज्ञानहि पांगलें. सोनिपतची ॲटलस कंपनी १९५१ पासूनची. संयुक्त राष्ट्रांनीं ३ जून हा जागतिक सायकल दिन ठरविला आहे. २०२० सालीं नेमक्या त्याच दिवशीं तिचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला.

आमच्या घरीं वडिलांची हंबर आहे. हंबर सायकलींचा धंदा १९३२ मध्यें रॅलेनें घेतला, तरी हंबरचा दुहेरी नळ्यांचा चिमटा त्यानंतरहि कायम राहिला, तोच या सायकलीस आहे. मुलाचें म्हणणें, ती एखाद्या संग्रहास द्यावी. चार जण पाहतील, निगा राहील. सूनबाईंचें म्हणणें, नात दोन वर्षांत उंच होईल, तिला चालवूं द्यावी. दोघांचेंहि खरें आहे. संग्रहांत ती टिकेल पण उभी राहील. रस्त्यावर चालेल पण झिजेल. माझी चिंता निराळीच आहे. चाकाचा आउट डोळ्यांनीं पाहून काढणारा आमच्या पेठेंत एकच वृद्ध कारागीर उरला आहे, आणि त्याच्या हाताखालीं शिकणारा कोणी नाहीं. तूर्त सायकल त्याच्याकडे ओव्हरऑइलला दिली आहे, आणि शनिवारीं सकाळीं नातीला घेऊन त्याच्या दुकानांत बसतों. आरा कोणत्या बाजूचा आवळावयाचा, हें तिला तो आतां विचारूं लागला आहे. पुढच्या चाकाचे दोन आरे अजून मिळावयाचे आहेत.