बाबा, अण्णा आणि पंखा

कॉकेशस पर्वताच्या कुशीतल्या जॉर्जिया देशात बापाला ‘मामा’ म्हणतात आणि आईला ‘देदा’. आता बोला! तिथे एखाद्याला मामा बनवायचे म्हणजे आधी त्याचे लग्न लावून देणे आले. रशियन ‘बाबा’ ही तर चक्क बाईमाणूस, नातवंडांच्या तोंडी आजी. तुर्कस्तानात मात्र ‘बाबा’ म्हणजे आपल्यासारखा बापच. आपल्याकडे तो पाळण्यातही असतो आणि मठातही. शिवाय ‘नको रे बाबा’ म्हणताना कुठेच नसतो.

रोमान याकोबसन या भाषापंडिताने १९६० साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात या शब्दांचे मूळ शोधले आहे. ओठ मिटले-उघडले की म, प, ब आपोआप सुटतात. दूध पिताना तोंड गुंतलेले, म्हणून नाकातून ‘म्‌ म्‌’ निघते. पुढे तीच मागणी होते आणि आईच्या खात्यावर जाते. (आपल्याकडे खाण्यापिण्यालाच ‘मम्‌’ म्हणतात, ते काही उगीच नाही.) बापाच्या वाट्याला बहुधा प-ब, त-द. थोडक्यात, मूल नुसता आवाज करते आणि आईबाप त्यावर मालकी सांगतात.

बँकेत ज्या रकमेचा धनी सापडत नाही, ती आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो. आमच्या मुलीने पहिले ‘बा-बा-बा’ म्हटले ते छताच्या पंख्याकडे बघून. मी ते तत्काळ माझ्या नावे जमा केले. सौ. म्हणाली, “पंख्याची सही घ्या हो आधी!”

माझ्या वडिलांना मात्र असे काही जमा करून घेता आले नाही. एकत्र कुटुंबात धाकटे काका त्यांना ‘अण्णा’ म्हणायचे, म्हणून आम्हीही अण्णाच म्हणू लागलो. कानडीत अण्णा म्हणजे थोरला भाऊ! वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचे मूल उचलून घेणेही तेव्हा चावटपणात मोडे. मग ‘मला बाबा म्हण’ असे शिकवणार कोण?

पुढे अण्णा थकून आमच्याकडे राहायला आले. मुलगी शाळेतून येऊन दारातूनच ‘बाबाऽऽ’ अशी हाक मारी. मी घरात असलो, तरी माझ्याआधी झोपाळ्यावरून ‘ओ’ यायची. दोनतीनदा सौ.ने माझ्याकडे पाहिले. कानांनी कमी ऐकू येते त्यांना, असे मी तिला सांगितले, आणि अण्णांची ‘ओ’ देऊन होईपर्यंत गप्प राहू लागलो.