सनरूफ फुटलं सोलापुरात!
गाडी मैत्रिणीची, आभाळ भरलेलं आणि नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या वाटेवर बाभळीची फांदी थेट आमच्या फोर-बाय-फोरच्या सनरूफवर! माळढोक राहिला बाजूला, गाठलं सोलापूर. मिस्त्रींनी रुळांतले काचेचे कण वेचले, नवी काच, नवं रबर बसवलं. 'निघू?' 'थांबा ताई.' त्यांनी कोपऱ्यांतल्या बारीक नळ्या दाखवल्या. माळाच्या धुळीनं पार तुंबलेल्या! रबरातून थोडं पाणी झिरपतंच. ते या नळ्यांतून गाडीखाली जातं. हलक्या हवेनं नळ्या मोकळ्या केल्या, छतावर बादली ओतली. आत एक थेंब नाही! मग निवांत सिद्धेश्वर तलाव, शेंगाचटणी आणि कडक भाकरी. तेव्हा दोस्तांनो, पावसाळी ट्रिपआधी काच पुसाच, पण नळ्याही बघा!